काट्याची साक्ष

दारूने वजन वाढतं का, हा वाद हल्ली व्यायामशाळेपासून फोनच्या पडद्यापर्यंत सगळीकडे रंगतो. एक बाजू म्हणते, दारू म्हणजे चरबी. सुटलेल्या पोटाचं चित्र छापा, खाली ठळक इशारा द्या, माणूस घाबरून पेला खाली ठेवेल. दुसरी बाजू हिशेबी आहे. ती म्हणते, बिअरऐवजी व्होडका घ्या, मिसळायला साखरेचं पेय नको, रात्रीचं जेवण थोडं आवरा. कॅलरींचा ताळा जमला की काडीचंही बिघडत नाही. पुरावा हवा? रोज पिणारी कितीतरी माणसं काटकुळी असतात, बघा की. मग विषय गांजा, कोकेन, उत्तेजक गोळ्या किंवा स्टेरॉइडवर गेला की दोन्ही बाजू अडखळतात, कारण यातले बरेच पदार्थ माणसाला खरोखर बारीक करतात, आणि एखादा तर पिळदारही. माझं म्हणणं सरळ आहे: वजन हा या खटल्यातला सगळ्यांत कच्चा साक्षीदार आहे. नशेचे पदार्थ नुकसान करतात ते दोन ठिकाणी, शरीर कशाचं बनलंय तिथे आणि ते काय करू शकतं तिथे. हे नुकसान वजन वाढतानाही होतं, घटतानाही होतं, आणि आकडा जागचा हलला नाही तरी होतं. त्यामुळे वजनाच्या भीतीवर उभारलेला व्यसनविरोध जितका पोकळ, तितकाच 'वजन ताब्यात आहे ना, मग झालं' हा निर्धास्तपणाही पोकळ.

हे भांडण जुनं आहे. १८९० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या वेस्लियन विद्यापीठात विल्बर ॲटवॉटर या रसायनशास्त्रज्ञाने माणूस आत राहू शकेल एवढी एक बंद कोठडी उभारली होती. माणसाला तिच्यात काही दिवस ठेवायचं, त्याच्या शरीरातून निघणारी उष्णता आणि श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजायचा, आणि खाल्लेल्या अन्नाशी ताळा घालायचा. या कोठडीत त्याने अल्कोहोलही तपासलं. माफक मात्रेत दिलेलं अल्कोहोल शरीरात जवळपास पूर्ण जळतं आणि कर्बोदकं किंवा चरबी यांच्या जागी इंधन म्हणून चालतं, असं त्याला आढळलं. दारूबंदीची चळवळ खवळली, कारण दारूत अन्नाचा गुण मुळीच नाही असं ती शाळांतून शिकवत होती. दारू विकणाऱ्यांनी तोच निष्कर्ष जाहिरातीत वापरला. ॲटवॉटर स्वतः काही दारूचा वकील नव्हता. खोट्या शास्त्रावर चांगली चळवळ उभारू नये, एवढंच त्याचं म्हणणं होतं. एखादी गोष्ट इंधन आहे म्हणजे ती हितकर आहे असं होत नाही, आणि ती अहितकर आहे म्हणून ती इंधन नाही असंही होत नाही. सव्वाशे वर्षांनंतरही आपण याच दोन टोकांना लोंबकळतोय, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आधी पेल्यात किती असतं ते नीट मोजू. ४० टक्के तीव्रतेची दारू ६० मिलिलिटर घेतली तर त्यात शुद्ध अल्कोहोल २४ मिलिलिटर. अल्कोहोल पाण्याहून हलकं, एका मिलिलिटरचं वजन ०.७९ ग्रॅम, म्हणजे ते भरतं साधारण १९ ग्रॅम. ग्रॅममागे ७ कॅलरी धरल्या की झाल्या १३३. आता ५ टक्क्यांची अर्धा लिटर बिअर घ्या. अल्कोहोल जवळपास तेवढंच, २० ग्रॅम, १४० कॅलरी, आणि वर कर्बोदकांच्या ६० ते ८०. १२ टक्क्यांच्या वाइनचा १५० मिलिलिटरचा पेला १४ ग्रॅमचा, म्हणजे अल्कोहोलच्याच १०० कॅलरी. व्होडकात कर्बोदकं नसतात हे खरंच आहे, पण त्याने वाचतात त्या या ६०-८० कॅलरी. मूळ भार अल्कोहोलचा असतो आणि तो दोन्हीकडे सारखाच. शिवाय हा सगळा हिशेब मोजून ओतलेल्या पेल्याचा आहे. रुंद बुडाच्या पेल्यात बर्फ टाकून अंदाजाने ओतलेली दारू ९० मिलिलिटर असली तरी तळाशी थोडीशीच दिसते. एकदा ती मापाच्या भांड्यात परत ओतून बघावी. 'दोनच घेतो' म्हणणाऱ्याचे दोन हे कागदावरचे तीन असतात.

आता समोरच्यांचे भक्कम मुद्दे, आणि ते मी हातचं न राखता मान्य करतो. पहिला: शेवटी वजन ठरवतो तो एकूण ऊर्जेचा जमाखर्च, आणि दारू त्या नियमातून सुटलेली नाही. दुसरा: भीती घालणारे करतात तो हिशेब चुकतो. आठवड्यातून दोन रात्री ६० मिलिलिटरचे तीन-तीन पेग म्हणजे सुमारे ८०० कॅलरी, वर्षाच्या ४१ हजारांवर, आणि एका किलो चरबीला ७,७०० धरल्या तर वर्षाला पाच किलो. प्रत्यक्षात असं सरळ होत नाही. अल्कोहोलच्या ऊर्जेतला बराच भाग, सुमारे १५ ते २० टक्के, ते पचवतानाच उष्णता म्हणून निघून जातो, आणि वजन बदललं की शरीराचा खर्चही बदलतो. तिसरा मुद्दा सगळ्यांत जड. लोकसंख्येच्या पाहण्यांत कमी पिणारे लोक न पिणाऱ्यांपेक्षा लठ्ठ निघतीलच असं नाही. स्त्रियांच्या बाबतीत तर कित्येकदा उलटच दिसतं. आणि १९७२ साली पिरोला आणि लीबर या संशोधकांनी प्रयोगात आहारातल्या निम्म्या कॅलरी काढून तेवढ्याच कॅलरींचं अल्कोहोल दिलं, तेव्हा लोकांचं वजन घटलं. जास्त पिणाऱ्याच्या यकृतात अल्कोहोल हाताळण्याची एक दुसरी वाट उघडते, आणि तिच्यात ऊर्जा हाती लागण्याऐवजी वाया जाते. मग दारूने माणूस जाड होतो, असं छातीठोक कुणी कसं सांगावं?

सांगू नयेच. पण पाहणीतली माणसं आणि पेल्यातला पदार्थ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जेवणाबरोबर एक पेला वाइन घेऊन थांबणारा माणूस बहुतेकदा बाकीही बेतानेच जगणारा असतो. त्याच्या बारीक असण्याचं श्रेय वाइनला देणं म्हणजे छत्री वापरणारे कमी भिजतात म्हणून छत्रीने पाऊस थांबतो असं मानणं. न पिणाऱ्यांत आजारपणामुळे सोडलेलेही मोजले जातात, हे निराळंच. आणि याच पाहण्यांत आणखी एक गोष्ट दिसते, जी हिशेबी बाजू सांगत नाही: एका बैठकीत खूप पिणाऱ्यांचं वजन जास्त असण्याकडे कल असतो, एकूण दारू तेवढीच असली तरी. महिन्याची बेरीज सारखी, पण एकाने ती रोज थोडी-थोडी घेतली आणि दुसऱ्याने शनिवारी एकदम. काटा या दोघांना सारखंच मानेल का? शरीर मानत नाही.

का मानत नाही, ते यकृतात दिसतं. चरबीची कोठारं आहेत, साखरेची लहानशी कोठारं आहेत, पण अल्कोहोल ठेवायला जागाच नाही. त्यामुळे ते आलं की आधी त्याची विल्हेवाट. अल्कोहोलचं ॲसिटाल्डिहाइड होतं, त्याचं ॲसिटेट होतं, ॲसिटेट रक्तात उतरतं आणि स्नायू, हृदय तेच जाळू लागतात. जळायला हे आयतं मिळत असेल तर चरबीला कोण विचारतो? १९९९ मध्ये निरोगी पुरुषांवर झालेल्या एका प्रयोगात अवघ्या २४ ग्रॅम अल्कोहोलनंतर शरीरातलं चरबीचं ज्वलन सुमारे ७३ टक्क्यांनी घटलं. त्याच प्रयोगात आणखी एक आकडा निघाला आणि तो भीती घालणाऱ्यांनी वाचायला हवा: त्या अल्कोहोलपैकी ५ टक्क्यांहूनही कमी भागाची चरबी झाली. म्हणजे दारूची चरबी होते हे विधान जवळपास चूक आहे. चरबी होते ती दारूबरोबर खाल्लेल्याची, कारण ते जळण्याची पाळीच येत नाही. सरासरी माणसाचं यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल निकाली काढतं. तीन पेगचे ५७ ग्रॅम म्हणजे सहा ते आठ तास. रात्री दहाला थांबलेल्याचं हे काम पहाटे चार ते सहापर्यंत चालू राहतं, आणि रात्रीचं जेवण तोवर रांगेत उभं असतं.

आणि जेवण कमी झालेलं नसतंच. द्रवातून आलेल्या कॅलरींची पोट नोंद घेत नाही. प्यायल्यावर माणूस तेवढं कमी खातो असं घडत नाही, उलट थोडं जास्तच खातो. त्याला केवळ मनाचा ढिलेपणा म्हणून चालणार नाही. २०१७ मध्ये उंदरांवरच्या अभ्यासात दिसलं की अल्कोहोल मेंदूतल्या त्याच पेशींना चेतवतं ज्या उपाशीपणी भुकेची हाक देतात. पोट भरलेलं असताना मेंदू भूक ओरडतो, मग समोरचा चकणा कसा थांबणार? यावर हिशेबी बाजूचा उपाय असतो की संध्याकाळचं जेवणच गाळायचं, कॅलरी दारूसाठी राखून ठेवायच्या. या उपायाइतका घातक सल्ला दुसरा नाही. रिकाम्या पोटी अल्कोहोल जठरात थांबत नाही, थेट लहान आतड्यात उतरतं, रक्तातली पातळी लवकर आणि उंच चढते. अल्कोहोलचं विघटन चालू असताना यकृताला नवी साखर तयार करणं जड जातं; दिवसभर उपाशी आणि वर व्यायाम केलेला असेल तर यकृतातला साखरेचा साठाही उरलेला नसतो, आणि रक्तातली साखर धोकादायक खाली जाऊ शकते. घाम, थरथर, असंबद्ध बोलणं, ग्लानी. बघणाऱ्यांना वाटतं चढलीय, झोपू द्या. मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याच्या बाबतीत हा गैरसमज जिवावर बेततो. आणि यातलं काहीच घडलं नाही तरी जेवण गाळताना गळतात ती प्रथिनं आणि जीवनसत्त्वं. हिशेबाच्या वहीत कॅलरी जुळतात, शरीराच्या वहीत खोट पडते.

ती खोट स्नायूंत दिसते. २०१४ च्या एका प्रयोगात आठ तंदुरुस्त पुरुषांना कसून व्यायाम करायला लावला आणि नंतर कधी फक्त प्रथिनं, कधी प्रथिनं आणि अल्कोहोल, कधी कर्बोदकं आणि अल्कोहोल दिलं. फक्त प्रथिनं दिली होती तेव्हाच्या तुलनेत, प्रथिनं देऊनही अल्कोहोलमुळे स्नायूंतली नवी बांधणी २४ टक्क्यांनी कमी भरली. प्रथिनांऐवजी कर्बोदकं दिली तेव्हा ३७ टक्क्यांनी. इथे प्रामाणिकपणे सांगायला हवं की मात्रा मोठी होती, शरीराच्या वजनाच्या किलोमागे दीड ग्रॅम. सत्तर किलोच्या माणसाला १०५ ग्रॅम, म्हणजे ६० मिलिलिटरचे साडेपाच पेग. एका पेल्याने व्यायाम वाया जातो असा अर्थ यातून काढू नये. पण सामना जिंकल्यानंतरच्या रात्री, स्पर्धा संपल्यावर, शनिवारच्या जड कसरतीनंतर किती घेतली जाते? नेमकी एवढीच. ज्या रात्री स्नायू बांधणीसाठी सगळ्यांत उत्सुक असतात, तीच रात्र आपण त्यासाठी निवडतो.

झोपेचंही तसंच. अल्कोहोलने डोळा लवकर लागतो म्हणून ते झोपेचं औषध मानलं जातं. रात्रीच्या पूर्वार्धात स्वप्नांची झोप दबते. अल्कोहोल उतरलं की उत्तरार्धात झोप तुकड्यातुकड्यांनी मोडते, नाडीही नेहमीपेक्षा जलद चालते. लघवी अडवून धरण्याचा संदेश देणारं संप्रेरक दबल्यामुळे प्रत्येक ग्रॅम अल्कोहोलमागे साधारण १० मिलिलिटर जादा लघवी होते. सकाळी काटा अर्धा-पाऊण किलो कमी दाखवतो तो यामुळे, आणि त्यावर खूश होणारे लोक असतात. ते पाणी आहे, दुपारपर्यंत परत येईल. १९९३ मध्ये रग्बी खेळाडूंच्या पाहणीत रात्रीच्या पिण्यानंतर दुसऱ्या दिवशीची दमाची क्षमता ११ टक्क्यांहून अधिक घसरलेली आढळली. महिन्याभराच्या नेटक्या सरावाने जेवढं कमावावं तेवढं एका रात्रीत तात्पुरतं गेलेलं असतं.

काटकुळ्या पिणाऱ्याचा दाखला मला सगळ्यांत जास्त खुपतो, कारण ज्याला तो तब्येतीचा पुरावा म्हणतात तोच खरं तर आजाराचा असतो. वर्षानुवर्षं खूप पिणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्यांच्या स्नायूंना इजा झालेली असते, आणि आधी झिजतात ते जोर लावणारे, झटकन आकसणारे तंतू. अशा माणसाचा हात जवळून बघावा. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला भाग चिमटीत धरला तर निरोगी हातात तिथे मांसाचा उंचवटा लागतो. इथे खड्डा असतो. कानशिलं आत गेलेली, दंड दोरीसारखे. खुर्चीतून उठताना दोन्ही हात मांडीवर रोवावे लागतात. यकृत पुरतं निकामी होऊ लागलं की पोटात पाणी साठतं, आणि तेव्हा काटा वजन वाढल्याचं सांगतो! मांस उतरतंय, पाणी चढतंय, आकडा तोच. रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात ते इथे अक्षरशः खरं ठरतं.

दारूपुरतं बोलून वजनवाल्यांची सुटका होऊ शकेल. बाकीच्या पदार्थांपाशी त्यांचा युक्तिवाद पार कोसळतो. तंबाखूतल्या निकोटिनने भूक मंदावते, शरीराचा खर्च किंचित वाढतो. धूम्रपान करणारे सरासरी काही किलो हलके असतात, जरी त्यांची चरबी कमरेभोवती जास्त गोळा होत असली तरी. ॲम्फेटामिन हे उत्तेजक भूक जवळजवळ पुसून टाकतं. कोकेनही तेच करतं. 'नशा करू नकोस, जाड होशील' असं ज्या मुलीला लहानपणापासून ऐकवलं, तिच्यापुढे बारीक करणारी नशा आली तर तिच्याकडे नकाराचं कोणतं कारण शिल्लक राहतं? १९२० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या सिगारेट कंपनीने नेमकं हेच ओळखलं आणि गोडाऐवजी आमची सिगारेट घ्या, असं स्त्रियांना उघडपणे सांगितलं. लठ्ठपणाची भीती समाजाने पेरली होती, पीक विक्रेत्याने काढलं. १९३० च्या दशकात डायनायट्रोफिनॉल हे कारखान्यातलं रसायन वजन घटवण्यासाठी खुलेआम घेतलं गेलं. ते पेशींची ऊर्जा उष्णतेत उधळून टाकतं, वजन झपाट्याने उतरतं. त्याचबरोबर लोकांना मोतीबिंदू झाले, आणि ताप आटोक्यात न येता काही जण आतून भाजल्यासारखे मेले. १९३८ मध्ये अमेरिकेत ते बंद झालं. मग ॲम्फेटामिनच्या गोळ्या आल्या. १९६० च्या दशकात त्या थायरॉइडचं संप्रेरक, लघवी वाढवणारी औषधं आणि हृदयाच्या औषधाबरोबर रंगीबेरंगी मिश्रणांतून वाटल्या गेल्या. त्यातही माणसं दगावली. या प्रत्येक वेळी काटा समाधानकारक आकडा दाखवत होता.

उत्तेजकं कामगिरी वाढवतात, हा मुद्दा मात्र हसण्यावारी नेता येत नाही. थकव्याचा आवाज ती खरोखर बंद करतात. पण थकवा हा शरीराचा पहारेकरी आहे. १३ जुलै १९६७ रोजी टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीत माँ व्हाँतू डोंगराच्या उघड्या, तापलेल्या चढावर टॉम सिम्पसन हा ब्रिटिश सायकलपटू तोल जाऊन पडला, पुन्हा सायकलवर बसवला गेला, थोडं अंतर कापून पुन्हा कोसळला आणि मेला. शवविच्छेदनात ॲम्फेटामिन आणि अल्कोहोल दोन्ही सापडलं. उकाड्यात चढ चढणारं शरीर घामाने थंड राहतं; अल्कोहोलने पाणी घटतं, ॲम्फेटामिनने त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि 'आता पुरे' हा निरोप मेंदूपर्यंत पोहोचतच नाही. सिम्पसनच्या अंगावर चरबी नव्हती, काट्यापाशी त्याची तक्रार नव्हती, आणि जगज्जेतेपद तो दोनच वर्षांपूर्वी मिळवून आला होता.

गांजाचं गणित तर दोन्ही बाजूंना गप्प करतं. ओढल्यावर भूक खवळते हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि तरीही मोठ्या पाहण्यांत नियमित ओढणारे सरासरीने बारीक निघतात. याचं पक्कं कारण अजून सांगता येत नाही. मेंदूतल्या ज्या जागांवर बसून गांजा भूक खवळवतो, त्या जागांनाच कुलूप घालून वजन घटवावं म्हणून रिमोनाबंट नावाचं औषध २००६ मध्ये युरोपात मान्य झालं. वजन घटलंही. पण तीच कुलपं मेंदूत आनंदाच्या वाटेवरही बसली. नैराश्य आणि आत्महत्येच्या विचारांच्या तक्रारींमुळे २००८ मध्ये ते मागे घ्यावं लागलं. तंदुरुस्तीपुरतं विचाराल तर गांजा ओढल्यावर विश्रांतीतच नाडी वाढते, म्हणजे व्यायामासाठी हृदयाकडे जी शिल्लक हवी ती आधीच खर्च झालेली असते. ज्याच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद आहेत त्याच्या छातीत कळ लवकर येते.

स्टेरॉइडबद्दल अनेक वर्षं डॉक्टर मंडळी सांगत राहिली की त्यांनी स्नायू वाढत नाहीत, फक्त पाणी धरतं. व्यायामशाळेतली पोरं आरशात उलटं बघत होती. १९९६ मध्ये नीट प्रयोग झाला, तेव्हा टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक मोठ्या मात्रेत दहा आठवडे घेऊन काहीही व्यायाम न करणाऱ्यांचं चरबीविरहित वजन सुमारे ३ किलोंनी वाढलं, नुसता व्यायाम करणाऱ्यांचं २ किलोंनी, आणि दोन्ही करणाऱ्यांचं ६ किलोंनी. या खोटेपणाची किंमत अजून फेडली जातेय: ज्यांनी परिणामाबद्दल चूक सांगितलं त्यांच्यावर दुष्परिणामांबद्दल कोण विश्वास ठेवणार? आणि दुष्परिणाम आहेतच. चांगलं कोलेस्टेरॉल घसरतं, हृदयाची भिंत जाड आणि ताठर होते, वर्षानुवर्षं वापरणाऱ्यांत हृदयाचा पंप अशक्त झालेला सापडतो. वृषणं काम थांबवतात आणि औषध सोडल्यावर महिनोन्महिने उठत नाहीत. तेव्हा जी उदासी येते ती पुन्हा सुईकडे नेते. शरीर कशाचं बनलंय याचं उत्तर इथे आरशात उत्तम असतं. ते काय करू शकतं याचं उत्तर हृदयाच्या सोनोग्राफीत असतं.

मोठे खेळाडू पितात आणि जिंकतातही, असं कुणी म्हणेल. जागतिक उत्तेजक विरोधी संस्थेने २०१८ मध्ये अल्कोहोल बंदीच्या यादीतून काढलं, हेही सांगेल. काढलं ते निरुपद्रवी म्हणून नव्हे, तर ज्या मोजक्या खेळांत ते निषिद्ध होतं त्यांच्या संघटनांनी आपापल्या नियमांनी सांभाळावं म्हणून. आणि अल्कोहोल खेळात आलं कशासाठी? १९६८ च्या मेक्सिको ऑलिम्पिकमध्ये उत्तेजक चाचणीत बाद झालेला पहिला खेळाडू हा स्वीडनचा हान्स-गुन्नार लिलियेनवाल होता, नेमबाजीसह पाच खेळांच्या मॉडर्न पेंटॅथलॉनमधला, आणि त्याच्या शरीरात सापडलं होतं अल्कोहोल. नेमबाजीआधी हात स्थिर राहावा म्हणून दोन बिअर घेतल्याचं तो सांगत होता. खेळात दारूची मदत होते ती एवढीच: थरथर थांबवणं.

तरीही कुणी म्हणेल, भीती खरी असो वा खोटी, चार जण तिने वाचत असतील तर काय हरकत? हरकत ही की तिचा फटका सोडणाऱ्याला बसतो. सिगारेट सोडल्यावर वर्षभरात वजन सरासरी ४ ते ५ किलोंनी वाढतं. कोकेन, ॲम्फेटामिन सोडल्यावर दबलेली भूक उसळून येते. दारू सोडलेल्याला गोड खावंसं वाटतं. हे वजन म्हणजे बहुतेकदा शरीराची भरपाई असते, आणि नेमक्या त्याच वेळी घरचे म्हणतात, 'काय रे, सुटलास की!' ज्याला आयुष्यभर आकड्यानेच मोजलं, तो त्या आकड्यासाठी परत जुन्या वाटेला लागतो. सोडण्याच्या पहिल्या वर्षात वजन कमी करण्याचा हट्ट धरू नये, असं मी स्पष्ट सांगेन. नियमित जेवण, पुरेशी प्रथिनं, रोजचं चालणं, आठवड्यातून दोनदा वजन उचलण्याचा व्यायाम. कमरेचं नंतर बघता येईल.

मोजायचंच असेल तर काय मोजावं? कंबर: शेवटची बरगडी आणि कटीच्या हाडाचा वरचा काठ यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर, फीत कातडीला टेकलेली पण रुतलेली नको. सकाळी अंथरुणातून उठण्याआधीची नाडी. पिण्याच्या रात्रीनंतर आणि कोरड्या रात्रीनंतर ती आठवडाभर लिहून ठेवली की उपदेशाची गरज उरत नाही. पिणं आणि जड व्यायाम यांच्यात निदान एक दिवस. प्यायचंच असेल तर आधी प्रथिनं असलेलं पूर्ण जेवण, आणि पेग मापाने. उत्तेजक घेतलेल्याने उन्हात किंवा कोंदट खोलीत व्यायाम मुळीच करू नये.

एका गोष्टीत मात्र घाई नको. रोज भरपूर पिणाऱ्याने तंदुरुस्तीचा निश्चय करून एका सकाळी दारू एकदम बंद केली तर शेवटच्या पेल्यानंतर ६ ते ४८ तासांत झटके येऊ शकतात, दोन ते चार दिवसांत भ्रम, ताप, धडधड. उपचार न मिळाल्यास मृत्यूही. हात थरथरल्याशिवाय ज्याची सकाळ होत नाही त्याने आधी डॉक्टर गाठावा. औषधांच्या आधाराने आठवडाभरात हे सुरक्षित पार पडतं, आणि थायमिन हे जीवनसत्त्व त्यात सुरुवातीलाच द्यावं लागतं, कारण ते संपलेलं असताना नुसती साखर चढवली तर मेंदूला इजा होऊ शकते.

त्यानंतरचं मोजमाप घरच्या खुर्चीवर होतं. बैठक गुडघ्याइतक्या उंचीची, पाठ भिंतीला टेकलेली, म्हणजे खुर्ची सरकणार नाही. हात छातीवर आडवे घेऊन अर्ध्या मिनिटात किती वेळा पूर्ण उभं राहून परत बसता येतं ते मोजायचं, आणि महिन्यातून एकदा तारखेसह लिहून ठेवायचं. झिजलेले तंतू पुष्कळदा सहा महिने ते वर्षभरात बऱ्याच अंशी भरून येतात. सुरुवातीला हात न टेकता एकदाही न उठलेला माणूस तोवर दहा-बारा वेळा उठलेला असू शकतो, आणि त्या दरम्यान त्याचं वजन दोन-तीन किलोंनी वाढलेलं असू शकतं.